गेममधले बग, अर्धवट रिलीज आणि विकतचं डीएलसी : तुमचा अनुभव काय सांगतो?

गेम विकत घ्यायचा, तासन् तास डाउनलोड करायचा आणि चालू केल्यावर कळतं की तो अजून पुरता झालेलाच नाही. १० डिसेंबर २०२० ला आलेला सायबरपंक २०७७ हा गेम सोनीने आठच दिवसांत आपल्या स्टोअरवरून काढला, तो परत दिसला २१ जून २०२१ ला. त्याचा विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडायचा वेगळा विकतचा भाग (डीएलसी), फँटम लिबर्टी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या मशीनवर आलाच नाही. म्हणजे मूळ गेम त्या मशीनवर घेतलेल्यांना पुढची गोष्ट बंद.
काय बिघडतं, का बिघडतं आणि त्यावर काय करायचं, एवढं नेमकं लिहा. पुढच्या माणसाचे पैसे आणि सेव्ह (खेळ जिथवर आला ते साठवणारी फाइल) वाचले पाहिजेत.

* * *

परताव्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे घड्याळ चालू असतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ २ तासांच्या आत, या दोन्ही अटी एकदम लागतात. गेम नुसता उघडा असला तरी वेळ मोजला जातो: मेनूवर, सेटिंग बदलताना, शेडर (ग्राफिक्स कार्डाला चित्र कसं काढायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतानाही. २०२३ च्या मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला, तेव्हा अनेकांचा यातला बराच वेळ शेडरमध्येच गेला. म्हणून पहिल्या बैठकीत कटसीन (मधले सिनेमासारखे प्रसंग) बघत बसू नका. पहिल्या मोकळ्या भागापर्यंत जा, वेगाने फिरून बघा, सेव्ह करा, गेम बंद करून तोच सेव्ह पुन्हा उघडा. बहुतेक मोठे दोष एवढ्यात दिसतात. अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे पूर्ण रिलीजआधी खेळलेला वेळही धरतात. डीएलसी परत करायचं तर ते घेतल्यानंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला हवा आणि त्यातली वस्तू वापरून संपलेली नको.

* * *

सेव्हची प्रत काढणं याला पर्याय नाही. सायबरपंकच्या पीसी आवृत्तीत सुरुवातीला सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती कायमची खराब व्हायची. गेममधल्या झोळीत सामान आणि क्राफ्टिंगचा (वस्तू बनवायचा) माल जितका जास्त, तितकी फाइल मोठी. १.०६ या पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) मर्यादा काढली, पण आधी बिघडलेले सेव्ह काही परत आले नाहीत.
स्टीमच्या क्लाउडच्या (सेव्हची ऑनलाइन प्रत) भरवशावर राहू नका. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, तो खराब फाइलही तितक्याच इमानदारीने वर चढवतो. विंडोजमध्ये सेव्ह बहुधा 'सेव्ह्ड गेम्स', डॉक्युमेंट्समधलं 'माय गेम्स' किंवा लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये असतात. मोठ्या पॅचआधी ते फोल्डर तारखेचं नाव देऊन दुसरीकडे ठेवा. परत आणताना आधी स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमधून क्लाउड बंद करा, नाहीतर जुनी फाइल ठेवल्याठेवल्या क्लाउड तिच्यावर खराब प्रत आणून बसवू शकतो.

* * *

प्रत्येक क्रॅश गेमचा नसतो, हे इथे लिहून ठेवायलाच हवं. इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि अनरियल इंजिनवर (अनेक गेम ज्यावर बनतात ते सॉफ्टवेअर) बनलेला गेम शेडर बनवताना 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडत असेल, तर ग्राफिक्स कार्ड बदलायला धावू नका. कार्डात भरपूर मेमरी मोकळी असतानाही हा संदेश येतो. शेडर उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो आणि जास्त व्होल्टेजने तो झिजलेला असतो. मदरबोर्डचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, ऑगस्ट २०२४ नंतरच्या आवृत्त्यांत सुधारलेला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, आहे. झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. अपडेटनंतरही क्रॅश होत असेल तर वॉरंटीत बदलून मागा, इंटेलने त्यासाठी मुदत २ वर्षांनी वाढवली होती.

* * *

एलियन्स: कलोनियल मरीन्स (२०१३) हा गेम कुणाकडे पडून असेल तर डॉक्युमेंट्समधली त्याची 'पेकानइंजिन' नावाची आयएनआय (सेटिंगची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'टेदर' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी-ई नंतर एक ए जास्त पडला आहे. तो खोडा, सेव्ह करा. त्या एका अक्षरामुळे शत्रूंना जागा धरून हल्ला करण्याची आज्ञा पोचतच नव्हती आणि ते सरळ अंगावर धावत सुटायचे.

* * *

विकतच्या वस्तू आणि बग यांचा थेट संबंध बघायचा असेल तर रॉकस्टार कंपनीचा जीटीए ऑनलाइन हा गेम बघा. २०१३ पासून लोक लोडिंगच्या पडद्यासमोर मिनिटंच्या मिनिटं बसत होते. २०२१ च्या सुरुवातीला एका हौशी प्रोग्रामरने कारण शोधलं. गेम सुरू होताना दुकानातल्या वस्तूंची साधारण १० एमबीची यादी वाचत होता, नोंदी जवळपास ६३,०००. वाचायची पद्धत अशी, की पोथीतला एकेक शब्द वाचताना दरवेळी उरलेली सगळी पोथी शेवटापर्यंत मोजायची. त्यावर कडी म्हणजे नवी नोंद आधी आली आहे का, हे पाहायला मागच्या सगळ्या नोंदी एकेक करून तपासायच्या. अशा तपासण्या होतात जवळपास १९८ कोटी! आणि यादीत एकही नोंद दुहेरी नव्हती. दुरुस्तीनंतर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टारने ती दुरुस्ती मान्य केली, मार्चमध्ये पॅच दिला आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं. मशीन जुनं म्हणून स्वतःला दोष देण्याआधी हे आठवा.

* * *

परदेशातून कुणी प्लेस्टेशनची डिस्क आणून दिली असेल तर डीएलसी घेण्याआधी थांबा. डीएलसीचा आणि डिस्कचा रीजन एकच लागतो. अमेरिकेहून आलेल्या डिस्कला भारतातल्या खात्यावरून घेतलेलं डीएलसी सहसा ओळखत नाही, आणि पैसे गेल्यावरच हे कळतं. पीएस४ च्या डब्याच्या कडेला 'कुसा' म्हणून ओळखला जाणारा क्रमांक असतो. आपल्या इथल्या डिस्कवरच्या क्रमांकाशी तो जुळवून बघा.

* * *

डीएलसी विकत घेतल्यावर काही केबीच उतरत असतील, तर माल आधीच तुमच्याकडे आहे आणि आली ती नुसती किल्ली. स्ट्रीट फायटर एक्स टेकन या मारामारीच्या गेमच्या डिस्कवर (२०१२) अशीच १२ पात्रं कुलपात होती, लोक चिडले ते बरोबरच होतं. पण ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्याने घेतलेला पोशाख तुम्हाला दिसायचा तर तो तुमच्या मशीनवर असावाच लागतो, तिथे ही तक्रार लागू नाही.
पॅराडॉक्स कंपनीच्या गेममध्ये मल्टिप्लेअर खेळताना होस्टकडचं (खेळ सुरू करून बाकीच्यांना त्यात घेणाऱ्याकडचं) डीएलसी सहसा सगळ्यांना चालतं. चौघांनी चार वेळा घेऊ नका, एकानेच घ्या आणि त्यालाच होस्ट करा. पॅचमुळे जुना सेव्ह उघडेना झाला, तर स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या 'बीटाज'मध्ये मागची आवृत्ती दिलेली असेल तर ती निवडा, मोहीम पुरी करा आणि मगच नवीन आवृत्तीवर या.