मदत हवी आहे: रोमन पुरोहितांचं लीप वर्ष चुकलं कसं?

नमस्कार मंडळी,

वाचनालयात शाळकरी मुलांना कालगणनेची गोष्ट सांगायची आहे. तयारी करताना एका जागी अडकले आहे.

इजिप्तपर्यंत जमतंय. तीस दिवसांचे बारा महिने, वर पाच दिवस, आणि लीप वर्ष नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी वर्षारंभ ऋतूंच्या मानाने एक दिवस अलीकडे यायचा. इ.स.पू. 238 मध्ये, तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात, कॅनोपसला जमलेल्या पुरोहितांनी दर चार वर्षांनी सहावा जादा दिवस धरायचं ठरवलं, दगडावर कोरूनही ठेवलं. पण ते रुजलंच नाही. फार हळहळ वाटते हो, सीझरच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी उत्तर हाताशी होतं!

सीझरने इ.स.पू. 46 हे वर्ष 445 दिवसांचं करून रोमन पंचांगातला जुना घोळ निस्तरला आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायला सांगितलं. त्याचा खून झाल्यावर रोमन पुरोहित तो दिवस दर तीन वर्षांनी घालू लागले. 36 वर्षांत 9 ऐवजी 12 लीप वर्षं! सम्राट ऑगस्टसने पुढची काही लीप वर्षं गाळून हिशेब जुळवला.

इतकी सोपी सूचना चुकली कशी? मुलं हे विचारणारच. आणि इजिप्तची राजधानी अलेक्झांड्रिया रोमनांच्या हाती पडल्याची तारीख 1 ऑगस्ट, इ.स.पू. 30 अशी देतात, ती चुकलेल्या गणनेतली की मागाहून सुधारलेली?

प्रतिसाद:
ताई, आपण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्यातला तोच वार मनात असतो, कारण आजचा दिवसही मोजलेला असतो. रोमन लोक असंच मोजत. त्यांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे, पण त्याचं नाव 'नऊ'वरून पडलेलं. लीप वर्षालाच 'पहिलं' धरलं की 'चौथं' तीनच वर्षांनी येतं. अभ्यासक सहसा हेच कारण देतात.

ती तारीख त्या वेळच्या रोमन गणनेतलीच आहे. फक्त महिन्याचं नाव तेव्हा सेक्स्टिलिस होतं, ऑगस्ट हे नाव इ.स.पू. 8 मध्ये मिळालं. ग्रहणांच्या तक्त्यांत मात्र चोख चार वर्षांचा नियम मागे नेलेला असतो. त्या तारखा या रोमन तारखांशी जुळवू नका, एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार! 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवडे, तेही असंच की! मुलांना सोमवार ते सोमवार बोटांवर मोजायला लावते.