मदत हवी आहे: उकळलेल्या एन्झाइमनेही सोन्याचे कण साकळतायत!

अस्वस्थ_कलिल: सोन्याच्या नॅनोकणांवर ऋणभारित पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बसवलंय. ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने ते तुटलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळं होतं. तसं झालंही. पण उकळून मारलेलं ट्रिप्सिन घातलं तरी निळंच! आता एन्झाइमचंच हे काम आहे हे दाखवू कसं? लवकर सांगा.

चिमटा: बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कोणतं? कण केवढे? एवढ्यावरून काय सांगणार!

मुरलेला_रसायनी: सोनं सोडा, दूध घ्या. कॅपा-केसिन या दुधातल्या प्रथिनामधला १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधला बंध कायमोसिन हे एन्झाइम तोडतं, केसिनच्या कणांवरचा केसाळ थर निघून जातो आणि कॅल्शियमच्या साथीने गुठळी धरते. थंड दुधात बंध तुटतो पण गुठळी होत नाही. कोमट केलं की झटकन धरते. दोन्ही पायऱ्या वेगळ्या दिसतात, याहून सुंदर प्रयोग नाही.

अस्वस्थ_कलिल: सर, दूध नकोय. कण १३ नॅनोमीटरचे. बफर ट्रिसचं, ५० मिलिमोलर, त्यात कॅल्शियम क्लोराइड २०. नेहमीचंच.

चिमटा: इथेच पाणी मुरतंय! कॅल्शियमवर दोन धनभार. सोडियमच्या मानाने फारच थोडं कॅल्शियम ऋणभारित कणांना साकळवतं. नुसत्या बफरची नळी ठेवली होती का?

नवी_पालवी: मीठ घालून लाल सोनं निळं करणं फॅरेडेने १८५७ मध्येच नोंदवलंय. जिलेटिन घातलं तर होत नाही, तेही.

प्रश्नचिन्ह: सगळं खापर कॅल्शियमवर नको. ट्रिप्सिन उदासीन पीएचला धनभारित असतं. मेलेलं असलं तरी दोन कणांमध्ये पूल बांधेल. शिवाय आम्लात उकळलेलं ट्रिप्सिन थंड झाल्यावर पुन्हा जागं होऊ शकतं. सोयाबीनचं ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिन बंद पाडणारं द्रव्य) वापरा.

चिमटा: तेही प्रथिनच! कणांवर बसून त्यांनाच वाचवेल, मग रंग का बदलला नाही हे कसं कळणार? पीएमएसएफ लहान रेणू आहे, त्याने ट्रिप्सिन आधी बंद करा.

अस्वस्थ_कलिल: नुसत्या बफरनेही जांभळं झालं. कॅल्शियम वगळल्यावर नुसतं बफर लाल, जिवंत ट्रिप्सिन हळूहळू निळं. उकळलेलं मात्र घातल्याबरोबर जांभळट, मग तसंच.

प्रश्नचिन्ह: म्हणजे तो पूल. तो लगेच बांधला जातो, पेप्टाइड तोडायला वेळ लागतो. ट्रिप्सिन बरंच कमी करा आणि ५२० नॅनोमीटरजवळचं प्रकाशशोषणाचं शिखर कसं सरकतं ते दर मिनिटाला नोंदवा. पीएमएसएफची नळी शेजारी हवीच.