जुन्या तीन गिअरच्या रॅलेसाठी

इंग्लंडमधल्या दुकानाने तुमची जुनी रॅले सायकल दुरुस्त न करता 'नवी घ्या' असं सांगितलं, हे वाचून वाईट वाटलं. कृपया ती टाकून देऊ नका.

दुकानात फोन करून एकच विचारा, कॉटर पिन काढायचा प्रेस, म्हणजे पिन दाबून बाहेर काढणारं हत्यार, आहे का? जुन्या सायकलींच्या क्रँक (पेडलचे दांडे) याच पिनांवर बसवलेल्या असतात. नुसते हातोड्याचे घाव घातले तर पिन वाकते आणि छर्ऱ्यांच्या वाट्यांनाही मार बसतो. प्रेस म्हणजे काय हेच ज्यांना माहीत नाही, त्यांच्या हाती सायकल देऊ नका. शिवाय जुन्या रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाचे) आटे इंचाला २६, इतरांचे सहसा २४. हे ठाऊक असलेला कारागीर भेटला की निश्चिंत व्हा.

मागचा हब, म्हणजे मागच्या चाकाचा गिअर असलेला मधला भाग, स्टर्मी-आर्चर कंपनीचा असेल. ही कंपनी १९०२ साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झाली. २००० साली ती तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली. सुटे भाग अजून मिळतात, त्यामुळे 'पार्ट मिळत नाहीत' ही सबब ऐकून घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पेडल रिकामं फिरत असेल तर बहुधा केबलचा ताण चुकलाय, हब शाबूत असतो. वर्षानुवर्षं तेल पडलं नसेल तर आधी थोडं पातळ तेल सोडून बघा.

चकचकीत शोरूमपेक्षा जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या धर्मादाय कार्यशाळांत चौकशी करा. तिथे अनेकदा निवृत्त मेकॅनिक स्वयंसेवक म्हणून येतात. गाव कळवलंत तर शोधायला मीही मदत करेन.