सोसायटी ग्रुप: रविवारचं बार्बेक्यू जेवण आणि व्हेजची शेगडी

बी-३०४: सचिवसाहेब, रविवारच्या जेवणाचा फॉर्म पाहिला. नुसतं "एकूण ३४" लिहिलंय. व्हेज किती, जैन किती, याचा रकानाच नाही. मागच्या वेळी एवढं रामायण होऊनही?

सचिव, ए-१०२: ताई, नमस्कार. हॉटेलात बुफे आहे, तिथे सगळंच असतं, म्हणून वेगळं विचारलं नाही.

बी-३०४: बुफे मागच्या भिंतीला आहे हो. शेगडी टेबलाच्या मधोमध असते! एकाच शेगडीवर पनीरची सळई आणि शेजारी कोळंबीची. वेटर एकच ब्रश दोन्हींवर फिरवतो. व्हेजवाल्यांनी खायचं काय?

सी-५०१: ताईंचं बरोबर आहे. आणि हे तिथे बसल्यावर सांगून उपयोग नसतो. हॉलमधली बैठक बुकिंगच्या वेळीच ठरते.

ए-२०३: सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून तर जेवण ठेवलंय. आता व्हेजची टेबलं वेगळी, मग ए विंग वेगळी, मग बी विंग वेगळी...

बी-१०७: विंगचा विषय कोणी काढला?

ए-२०३: मी फक्त म्हटलं.

बी-१०७: पार्किंगच्या वेळीही "फक्त म्हटलं"च होतं.

सचिव, ए-१०२: कृपया. विषय जेवणाचा आहे.

बी-३०४: शेगडी वेगळी, ब्रशही वेगळा. एवढंच मागणं आहे.

सी-५०१: जैन मंडळींचं सांगतो. व्हेज सळयांच्या मसाल्यातही आलं-लसूण असतंच. चक्का, आलं-लसूण, मोहरीचं तेल आणि थोडं भाजलेलं बेसन असं सगळं सकाळीच लावून ठेवतात. ऐनवेळी त्यातून लसूण कसा काढणार? म्हणून निदान आदल्या दिवशी संख्या कळवायची. मग ते हिंग-जिऱ्यावर वेगळं मुरवतात. बटाट्याऐवजी काय देणार, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं.

सी-२०२: आमच्या घरी तिघं जैन. धन्यवाद.

ए-४०३: या महिन्यात तिथे राजस्थानी आणि मालवणी आहे ना? सुळे, म्हणजे सळईवर भाजलेले मटणाचे राजस्थानी तुकडे असतील तर मटणाला काचरी (राजस्थानातलं आंबटसर रानफळ) लावलीय का ते विचारा. काचरीने मटण लुसलुशीत होतं. पण काचरी असो वा कच्ची पपई, जास्त वेळ राहिली की मांस पिठूळ होतं. तोंडात टाकल्यावर खिम्यासारखं लागलं तर समजायचं, सकाळचा माल संध्याकाळी आलाय.

ए-२०३: कोळंबीचं उलट. लिंबू लावून १५-२० मिनिटांपेक्षा जास्त ठेवली की ती कच्ची असतानाच पांढरी पडते, भाजल्यावर चिवट लागते. आणि शेगडीवर दोन्ही बाजूंनी मिळून चार-पाच मिनिटं पुरे. "सी" आकार झाला की उचला, गोल "ओ" झाला की रबर.

बी-१०७: हे मात्र तुम्हाला चांगलं माहीत आहे, मान्य.

डी-१०१: मुलांचा दर वयावर की उंचीवर? आमचा नऊ वर्षांचा आहे पण उंच.

खजिनदार, ए-४०१: काही ठिकाणी वय, काही ठिकाणी उंची. विचारून सांगतो.

बी-३०४: शेगडी वेगळी, ब्रशही वेगळा. सचिवसाहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

सचिव, ए-१०२: ताई, दुपारी फोन करतो, नक्की.

डी-३०२: रविवारी संकष्टी आहे, कोणी पाहिलं का? आमचे तिघं उपास करतात. रात्री चंद्रोदय होऊन नैवेद्य होईपर्यंत तिथल्या शेगड्या विझलेल्या असतील.

सचिव, ए-१०२: 🙏 तारीख बदलणं कठीण आहे, ॲडव्हान्स गेलाय.

डी-३०२: ठीक आहे. दरवर्षीचंच आहे.

सी-५०१: जेवण दुपारचं आहे ना? मग वेळेबद्दल एक महत्त्वाचं. १२:३० ची बैठक घ्या, २:३० ची नको. दुसऱ्या बैठकीला सुरमई सुकलेली असते, सोलकढी फुटायला लागते. बुफेचं गरम अन्न ६० अंशांवर आणि थंड पदार्थ ५ अंशांखाली राहिले पाहिजेत. डाळीच्या भांड्यावर साय धरली असेल किंवा झाकण उघडं पडलं असेल तर ती वाढून घेऊ नका, ताजी आणायला सांगा. सोलकढीचा वाडगा बर्फावर ठेवलाय का तेही बघा. नारळाचं दूध उन्हाळ्यातच आंबतं असं नाही, दिव्यांच्या उबेतही लवकर आंबतं.

ए-४०३: आणि बाटी आधी खाऊ नका. बाटी फोडली, तूप ओतलं, वर डाळ घेतली की पोट भरलं. मग सळया कोण खाणार?

बी-१०७: आमच्याकडे बाटी हेच मुख्य. सळया तुम्ही खा.

ए-४०३: बाटी घ्यायची तर निदान ताजी मागा. थंड बाटी दगड होते, तूप आत शिरतच नाही.

डी-१०१: लहान मुलांना शेगडीजवळ बसवावं का?

सी-५०१: नका बसवू. सळईची मूठ लाकडी असली तरी लोखंड तापलेलंच असतं. मुलं कडेला, मोठी माणसं शेगडीसमोर. आणि ब्रशने तेल सारखं लावत बसू नका. थेंब निखाऱ्यावर पडला की ज्वाळ उठते, सळई वरून काळी होते, आतून तशीच राहते. निखारा राखेने करडा दिसला की भाजण्यालायक, काळा आणि ज्वाळेचा असेल तर थांबा. सळया एकमेकींना चिकटवू नका, मध्ये एक बोट अंतर ठेवा. दाटीवाटीने ठेवल्या की पनीर भाजत नाही, वाफेवर शिजतं आणि पाणी सुटतं.

सी-५०१: चिकन स्वयंपाकघरातूनच बरंचसं भाजून येतं, टेबलावर फक्त शेवटचं भाजणं होतं. तरी पहिला तुकडा कापून बघा. मधे गुलाबी आणि रस लालसर असेल तर परत पाठवा, लाजू नका.

ए-२०३: वरचा एक्झॉस्ट चालू आहे का ते बसतानाच बघायचं. एसी हॉलमध्ये कोळशाचा धूर साठला की कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो. डोकं जड वाटलं की लगेच बाहेर. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी आहेत.

बी-३०४: शेगडी वेगळी, ब्रशही वेगळा.

ए-२०३: ताई, एकदा वाचलं की कळतं आम्हाला.

बी-३०४: कळतं तर मग करत का नाही कोणी?

खजिनदार, ए-४०१: बिलाचं सांगतो, मग भांडा. २६ मोठे × ९०० = २३,४००. ८ मुलं × ४५० = ३,६००. एकूण २७,०००. जीएसटी ५ टक्के म्हणजे १,३५०. होतात २८,३५०. त्यांनी १० टक्के सेवाशुल्क लावलं तर २,७०० वाढतील, शिवाय त्यावरचा जीएसटी १३५. म्हणजे ३१,१८५.

बी-१०७: सेवाशुल्क द्यायचंच नाही.

खजिनदार, ए-४०१: बरोबर. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की सेवाशुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, ते ग्राहकाच्या मर्जीवर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. लावलंच तर काढायला सांगायचं, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटर चांगलं वाढत असतील तर बक्षिसी आपल्या हाताने द्या, ती सरळ त्यांच्या खिशात जाते.

डी-३०२: पाण्याच्या बाटल्या?

खजिनदार, ए-४०१: बुफेत धरत नाहीत. बसताच "साधं पाणी" म्हणायचं. सरबतंही बहुतेक वेगळी लावतात. आणि ताटात उरलेलं बांधून मिळत नाही, तेव्हा थोडं थोडं वाढून घ्या.

डी-१०१: टेबलावर छोटा झेंडा असतो तो कशासाठी?

ए-४०३: उभा असेपर्यंत सळया येत राहतात, आडवा केला की थांबतात. मोठी माणसं संकोचाने "बस" म्हणत नाहीत आणि ताटात ढीग साचतो. झेंड्यावर एकाने लक्ष ठेवा.

सचिव, ए-१०२: फोन झाला. दर उंचीवर नाही, वयावर. १० वर्षांखाली अर्धा. वेळ १२:३०. व्हेज ११ जण, त्यात जैन ३. दोन टेबलं पूर्ण व्हेज, सहा आणि पाच, शेगडी तिथे वेगळी. जैन मसाला आदल्या रात्रीच वेगळा लावतील. सेवाशुल्क नाही असं व्यवस्थापकांनी मेसेजवर लेखी दिलंय. संकष्टीवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी आणि फळं स्वयंपाकघरातून वेगळी.

डी-३०२: साबुदाणा आधी भिजवायचा असतो, तेही सांगितलंत का? आणि खिचडी शेंगदाण्याच्या कुटात, तुपात. तेलात नको.

सचिव, ए-१०२: सांगतो ताई, परत फोन करतो.

डी-३०२: धन्यवाद. तुम्ही एवढं केलंत, बरं वाटलं.

ए-२०३: चला, मी व्हेजच्या टेबलावर बसतो. माझी कोळंबी दुसऱ्यांना.

बी-१०७: कोळंबी मी घेईन.

बी-३०४: आणि ब्रश?

सचिव, ए-१०२: ताई, दोन नवे, हिरव्या मुठीचे. व्हेज टेबलांवर एकेक ठेवतील. व्यवस्थापकांना फोटो पाठवायला सांगितलाय, आला की इथे टाकतो.

बी-३०४: 🙏