थिबा राजवाडा: रिकाम्या खोल्या रिकाम्याच ठेवाव्यात का?

शहापूरकर
गेल्या महिन्यात घरची मंडळी घेऊन रत्नागिरीला जाऊन आलो, निपाणी-कोल्हापूर-आंबा घाट करत. दुरुस्त केलेला थिबा राजवाडा निवांत बघितला. वर संगमरवरी दालन, अर्धगोल कोरीव लाकडी खिडक्या, लांबवर भाट्याची खाडी नि समुद्र. आमचे मेहुणे म्हणाले, "इथं पलंग, सिंहासन, गालिचे मांडले असते तर राजवाडा वाटला असता." तेव्हापासून हे डोक्यातून जाईना. माझं मत, काहीही मांडू नये.

हा वाडा म्हणजे कैदखाना होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. वाडा उभा राहायला १९१० उजाडलं. १९१६ मध्ये राजा गेला. तीस वर्षांच्या कैदेत या वाड्यात उणीपुरी सहा वर्षं! खर्च भागवायला जडजवाहीर विकावं लागलं त्याला. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच मराठी बोलत, हलाखीत जगली. अशा घरात आज सोनेरी सिंहासन आणून ठेवलं तर पोरं समजतील राजा मजेत होता. घर रिकामं झालं, ते रिकामंच दिसू दे.

निपाणीकर
काका, मला हे पटत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, दरवर्षी सहल नेतो. रिकाम्या खोलीत साठ पोरं दहा मिनिटांत एक चक्कर मारून बाहेर येतात आणि "सर, समुद्रावर कधी जायचं?" विचारतात. तुम्ही वाचून गेला होता, म्हणून तुम्हाला ती खोली बोलली. पोरांशी ती बोलत नाही.

१९०८ ते १९१४ टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत बंदी, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी, एकाच वेळी. सुटून आल्यावर १९१६ मध्ये टिळकांनी आपल्या बेळगावात होमरूल लीग काढली, त्याच वर्षी थिबा वारला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर करतात. पण भिंत हे कसं सांगणार? एक पलंग ठेवा, एक आरसा ठेवा, खाली ठळक लिहा "प्रतिकृती". त्यात खोटेपणा कसला?

खानापूरची लेक
दोघंही सामानावरच बोलताय. मला भिंतींची काळजी वाटते. आमचं माहेरचं घर जांभ्या चिऱ्याचं, आजोबांनी चुन्यात बांधलेलं. दहा वर्षांपूर्वी भावानं हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले. बोट लावलं की पापुद्रा हातात, आतला चिरा ओलाकिच्च. चिरा सच्छिद्र, पाणी पितो नि सोडतो. वरून सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच राहते. समुद्राजवळ तर खारा वाराही असतो.

म्हणून जुन्या घरात गेलं की मी आधी गिलाव्याला हात लावून बघते, चुन्याचा आहे का. बैलघाण्यावर मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हे करणारे गवंडी आता शोधून सापडत नाहीत. चार पैसे असतील तर ते त्या गवंड्यांना द्या. पलंग नंतर बघू.

कित्तूरचा शेजारी
मी शहापूरकरांच्या बाजूचा. आमच्या इथं कित्तूरचा वाडा बघा की. छप्पर नाही, भिंती अर्ध्यावर तुटलेल्या, पण भिंतीतल्या नळीला डोळा लावून ध्रुव बघायची सोय होती म्हणतात, ती लोक अजून वाकून बघतात. १८२४ मध्ये राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली, पुढं बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिली आणि १८२९ मध्ये तिथंच वारली. पडक्या भिंतीजवळ उभं राहिलं की आपोआप आवाज खाली येतो. तिथं कोणी नवी मेघडंबरी आणून ठेवली तर मला सहन होणार नाही.

निपाणीकर
कित्तूर पडका आहे, त्याचं पडकेपणच सगळं सांगतं. थिबाचा वाडा धडधाकट उभा आहे, आणि "राजवाडा" म्हटल्यावर लोक सुखच समजतात. तुमचीच भीती ती! मग कैद होती हे दाखवायला काहीतरी ठेवायलाच हवं ना?

शहापूरकर
सर, हा मुद्दा बिनतोड आहे, मी तसा विचार केला नव्हता. आणि ताई, पुढच्या वेळी गिलाव्याला हात लावून बघेन, नक्की.

सिंहासनाला माझा नकारच आहे. पण एका खोलीत मंडाले ते रत्नागिरी समुद्रमार्गाचा नकाशा लावा, टूटूची हकीकत मराठीत आणि बर्मीमध्ये लिहा, टिळकांची पण. खिडकीजवळची जागा मात्र मोकळी सोडा. मी तिथं पंधरा मिनिटं उभा होतो. धाकटी विचारत होती, "बाबा, त्याचं गाव कुठल्या बाजूला?" मी समुद्राकडं बोट दाखवलं, आणि मग लक्षात आलं, ब्रह्मदेश तर पाठीमागं, पूर्वेला.

निपाणीकर
नकाशा चालेल. आरशाचं मात्र मी सोडलेलं नाही.