फुटलं म्हणजे संपलं नव्हे

'गोव्याच्या कडक उन्हात नदीतली रसायनं आपोआप जिरतात' हे मत अर्धंच खरं आहे.

सूर्यप्रकाशातल्या सुमारे 290 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी वातावरणातच अडतात. त्याहून लांब लहरींचा प्रकाश जो रेणू स्वतः शोषतो, तोच थेट फुटू शकतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक उन्हात भराभर फुटतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन त्याच पाण्यात कितीतरी जास्त टिकतं.

रेणू फुटण्याची दुसरी, आडवळणाची वाट मला जास्त विलक्षण वाटते. खारफुटीची पानं कुजून पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. तो रंग देणारी ह्युमिक द्रव्यं ऊन शोषतात आणि ती ऊर्जा पाण्यातल्या ऑक्सिजनला देतात. असा उत्तेजित झालेला ऑक्सिजन फिनॉलसारख्या रेणूंवर तुटून पडतो. पण तोच रंग उन्हाला खोल जाऊ देत नाही, म्हणून हे सगळं मुख्यतः वरच्या थरात घडतं. पावसाळ्यात तर मांडवी-जुवारी गढूळ आणि वर ढग, म्हणजे शेतातलं सगळं वाहून येतं नेमकं तेव्हाच ऊन कमी पडतं.

शिवाय साबणातल्या ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा थोडा भाग उन्हात चक्क एका डायॉक्सिनमध्ये (ज्या गटात अतिविषारी रसायनंही येतात) बदलतो! त्यामुळे तपासणीत मूळ रसायनासोबत त्यापासून तयार होणारी द्रव्यंही मोजलीच पाहिजेत.

मे-जूनमध्ये आपल्या किनाऱ्यांवर येणारे, समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरगोळेही बघा. तेलाचा हलका भाग उडून जातो, पण उरलेलं तेल उन्हातल्या ऑक्सिडीकरणाने आणखी घट्ट आणि चिकट होतं.