मदत हवी आहे : नर्स आजीच्या आठवणींची पुस्तिका करायचीय

नमस्कार मंडळी, आमची आजी गेली, आयुष्यभर नर्स होती, रिटायर झाल्यावरही घरात कुणाला ताप आला की आधी तिलाच फोन जायचा. तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका करून १२ मे ला, म्हणजे नर्सेस डे ला (फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, १८२०) घरच्यांना द्यायचा विचार आहे. आजी काचेच्या सिरिंज उकळून वापरायच्या काळातली, पाऱ्याचा थर्मामीटर झटकायची तिची स्टाईलच वेगळी, आणि हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावू द्यायची नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो!

अडचण अशी की तिच्या ड्युटीच्या वह्या सापडल्यात, त्यात पेशंटची नावं, आजार, कोण रात्रभर रडत होतं, सगळं लिहिलंय. वाचताना आजीच बोलतेय असं वाटतं, पण दुसऱ्यांच्या आजारपणाची माहिती आपण छापावी का? नावं तर काढणारच, पण तेवढ्याने भागतं का, वॉर्ड आणि तारखेवरूनही माणसं ओळखू येतात ना. काका म्हणतात एवढं जुनं कोण बघतंय, मला नाही पटत.

दुसरं म्हणजे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करतोय पण वह्यांची शाई फिकी पडलीय, त्यासाठी स्कॅनर बरा की मोबाईल? आणि तिच्या जुन्या नर्स मैत्रिणींना नेमकं काय विचारू म्हणजे त्या "फार चांगली होती हो" च्या पुढे बोलतील? कुणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज.